ज्याच्या ताब्यात भांडी दिली

बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात शेशबस्सरचं नाव चार वेळा येतं. दोनदा त्याच्या हाती काहीतरी सोपवलं जातं, एकदा तो ते घेऊन जातो, एकदा पाया घालतो. बोलत मात्र एकदाही नाही. त्याचा बाप कोण, तो मेला कुठे, त्याच्यामागे कोण रडलं, यातलं काहीच पुस्तक सांगत नाही. ज्या ग्रंथाला वंशावळींचा इतका सोस आहे की अमक्याचा मुलगा तमका यातच पानंच्या पानं जातात, त्यानं या माणसाला बापाच्या नावाशिवाय उभं केलं आहे. ‘यहूदाचा सरदार’ एवढीच त्याची ओळख. पुढे एकदा त्याला ‘अधिपती’ म्हटलंय. बस्स.

काम तर लहान नव्हतं. मिसरातून लोकांना बाहेर काढणाऱ्या मोशेला ग्रंथाचे चार-पाच खंड मिळाले. बाबेलच्या बंदिवासातून परतीच्या पहिल्या वाटेला जो लागला, त्याला चार वाक्यांत जागा. मला या माणसाची ओढ लागली ती इथेच. मोठ्या गोष्टीत एवढी छोटी जागा मिळालेला माणूस त्या जागेत काय करतो, हे पाहावंसं वाटलं.

तो भांडी मोजून घेतो.

मागची हकिगत थोडक्यात अशी. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेम घेतलं, तिथल्या तरुण राजाला, यहोयाकीनला, दरबारासकट उचलून नेलं. आणि पुढे दहा-अकरा वर्षांनी शहर पुन्हा उठलं तेव्हा मंदिरच जाळून टाकलं. मंदिरातली सोन्यारुप्याची भांडी त्यानं आपल्या देवांच्या घरात नेऊन ठेवली. इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश, ज्याला आपण शाळेत सायरस म्हणून शिकलो, तो बाबेलमध्ये शिरला. दुसऱ्याच वर्षी त्यानं हुकूम काढला: यहूद्यांनी परत जावं, आपल्या देवाचं घर बांधावं. मग खजिनदार मिथ्रदाथ यानं ती भांडी बाहेर काढली आणि एकेक मोजून शेशबस्सरच्या हवाली केली.

भांडीच का? हा प्रश्न मला बराच काळ पडला नव्हता. तो पडला मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. २०१३ च्या डिसेंबरात ब्रिटिश म्युझियममधला सायरसचा मातीचा दंडगोल तिथे प्रदर्शनाला आला होता. वीतभर लांबीची भाजलेली माती आणि तिच्यावर मुंग्यांच्या रांगांसारखी कीलाक्षरं. हरमुझ्द रस्सामच्या उत्खननात १८७९ साली तो बाबेलला सापडला. काचेभोवती पारशी कुटुंबांची गर्दी होती. आजी-आजोबा नातवंडांना आपला राजा दाखवत होते. शेजारच्या फलकांवर मजकुराचा अर्थ दिलेला. कोरेश त्यात म्हणतो की जुन्या राजवटीत आपापल्या ठिकाणांहून हलवलेले देव मी परत त्यांच्या त्यांच्या देवळांत बसवले. अश्शूर, सूसा, अक्काद अशी गावांची नावं येतात. यरुशलेम नाही. यहूदा नाही. तो मजकूर बाबेलच्या मर्दुक देवाच्या भक्तांसाठी लिहिलेला आहे, त्यात पश्चिमेकडच्या एका उजाड टेकडीचं नाव कशाला येईल?

पण त्या फलकापुढे उभं राहिल्यावर एक गोष्ट लख्ख झाली. बाकीच्या गावांचे लोक आपापले देव उचलून घरी निघाले. मूर्ती होत्या, त्या गाड्यांवर चढल्या, वाजतगाजत गेल्या असतील. यहूद्यांना उचलायला काय होतं? त्यांच्या देवाची मूर्ती नव्हतीच. करायची नाही अशी सक्त आज्ञा होती. देवळातून शत्रूच्या हाती काही लागलं असेल तर ती पूजेची भांडीच. तेव्हा इतरांना देव परत मिळाले, यांना भांडी मिळाली, आणि भांड्यांनाच देवाच्या जागी मानून निघावं लागलं. मूर्तीपुढे मिरवणुकीत चालणाऱ्या माणसाला काहीतरी रुबाब असतो. शेशबस्सरच्या वाट्याला आला तो कोठीवाल्याचा मान.

एज्राच्या पहिल्याच अध्यायात त्या भांड्यांची यादी आहे. सोन्याची तबकं ३०, रुप्याची तबकं १०००, सुऱ्या २९, सोन्याचे कटोरे ३०, रुप्याचे दुसऱ्या प्रतीचे कटोरे ४१०, इतर पात्रं १०००. आणि लगेच बेरीज: एकूण ५४००. वही-पेन्सिल घेऊन बसलात तर मांडलेल्या आकड्यांची बेरीज २४९९ होते. मधली जवळपास तीन हजार भांडी कुठे गेली, यावर पंडितांनी पुष्कळ डोकं चालवलं आहे. नकलनवीसांच्या हातून ओळी गळाल्या असतील; यादीत फक्त ठळक भांडी असतील. मला मात्र ती चुकलेली बेरीज प्रिय आहे. कल्पनेनं रचलेली यादी बेरजेत चुकत नाही. अशी चूक होते ती खरोखरच्या कागदात, जो हातोहात फिरला, फाटला, पुन्हा उतरवला गेला.

पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत केडगावच्या मुक्तिसदनात बसून सबंध बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं. ते हातावेगळं करून १९२२ साली त्या गेल्या. सबंध म्हणजे या याद्यांसकट. स्तोत्रं, दृष्टान्त यांचं भाषांतर करताना माणसाला पंख फुटत असतील. पण तबकं इतकी, सुऱ्या इतक्या, हे शांतपणे उतरवत जायचं तर वेगळी श्रद्धा लागते. ज्या घरात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींची पंगत रोज बसायची, तिथल्या बाईंना भांड्यांची यादी कंटाळवाणी वाटली नसावी, असं आपलं मला वाटतं.

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची रीत आहे. लग्नातल्या तांब्यावर, मुंजीतल्या ताटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं: कोणी दिलं, कोणाला दिलं, तारीख. पन्नास वर्षांनी देणाऱ्याचा चेहरा कोणाला आठवत नाही, तरी राखेनं घासघासूनही नाव शिल्लक असतं. मात्र दुकानातून घरापर्यंत, एका घरातून दुसऱ्या घरात, ते भांडं कोणी डोक्यावरून वाहून आणलं त्याचं नाव कोणत्याही तांब्यावर नसतं. शेशबस्सर हा तसा माणूस. भांडी शलमोनाच्या मंदिराची म्हणून ओळखली गेली, नेली नबुखद्नेस्सरानं, सोडली कोरेशानं. वाहून आणली ती त्यानं.

आणि ही भांडी साधी नव्हती. त्यांच्यावरून दोन माणसांची जाहीर खडाजंगी झाली होती. बंदिवासाच्या आरंभी हनन्या नावाचा संदेष्टा यरुशलेमच्या मंदिरात उभा राहून म्हणाला होता, दोन वर्षांच्या आत ती सगळी परत येतील. लोकांना ते ऐकायचंच होतं. यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्यानं सांगितलं, आमेन, तसं होवो, पण होणार नाही. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू हनन्यानं काढून मोडून टाकलं. पुढे यिर्मयानं बाबेलला नेलेल्या लोकांना पत्रच पाठवलं: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, मुक्काम लांबचा आहे. दोन वर्षांची साठएक वर्षं झाली. हनन्या कधीच मेला होता, यिर्मयाही गेला होता. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात तर म्हटलंय की नबुखद्नेस्सरानं मंदिरातली सोन्याची पात्रं तोडून टाकली. म्हणजे जी तुटली म्हणून एका पुस्तकात लिहिलं, ती दुसऱ्या पुस्तकात मोजून परत मिळाली. दोन्ही वाक्यं ग्रंथात राहू दिली गेली. खजिन्याच्या दारात शेशबस्सरनं जेव्हा पहिलं तबक हातात घेतलं, तेव्हा एका संदेष्ट्याची खोटी ठरलेली आशा आणि दुसऱ्याची खरी ठरलेली निराशा, दोन्ही त्यात होत्या. त्यानं फक्त आकडा पाहिला असेल. खजिनदारासमोर उभं असताना तेवढंच करायचं असतं.

तो होता तरी कोण? नाव बाबेली धर्तीचं आहे. परमुलखात जन्मलेल्या पोराचं नाव तिथल्या वळणाचं असायचंच. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात कैदी राजा यहोयाकीनच्या मुलांमध्ये शेनस्सर असं एक नाव येतं. तोच हा, असं काही अभ्यासक म्हणत आले, आता बरेच जण तसं मानत नाहीत. पण त्या राजाच्या घरातली एक खूण बाबेलच्या मातीतच मिळाली आहे. राजवाड्याच्या अवशेषांत सापडलेल्या आणि एर्न्स्ट वाइडनर यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मातीच्या पाट्यांवर कैद्यांच्या शिध्याचा हिशेब आहे. यहूदाच्या राजाला इतकं तेल, त्याच्या पाच मुलांना इतकं. त्यातली एक पाटी इ.स.पू. ५९२ ची. शेशबस्सर त्या पाचांतला असेल, तर कोरेशानं बोलावलं तेव्हा तो साठीला टेकलेला असणार: लहानपणी शत्रूच्या कोठीतून मापानं तेल घेतलेला, म्हातारपणी त्याच शहरातून मापानं भांडी घेणारा. पण हा ‘असेल’ भक्कम नाही. त्याच्यावर मी घर बांधणार नाही.

सगळेच काही त्याच्याबरोबर निघाले नाहीत. अल-याहूदू नावाच्या वसाहतीतले मातीचे करारनामे २०१४ मध्ये पुस्तकरूपानं बाहेर आले. बाबेलच्या मुलखात कालव्याकाठी शेती करणारे यहूदी त्यात भेटतात: जवाचं कर्ज, खजुराचा खंड, साक्षीदारांची नावं. पहिला करार इ.स.पू. ५७२ चा, आणि हे व्यवहार कोरेशाच्या हुकुमानंतरही कित्येक वर्षं चालूच आहेत. यिर्मयाचं ऐकून त्यांनी घरं बांधली होती, बागा लावल्या होत्या. आता बागेला फळं धरली होती. ती सोडून न पाहिलेल्या राखेकडे कोण जाणार? एज्राच्या दुसऱ्या अध्यायात परतलेल्यांची गणती आहे: माणसं ४२,३६०, शिवाय दासदासी ७,३३७, गाणारे नि गाणाऱ्या २००, घोडे ७३६, खेचरं २४५, उंट ४३५, गाढवं ६,७२०. गाढवांपर्यंत मोजदाद झाली. यादीच्या शिरोभागी जरुब्बाबेल आहे, येशूवा याजक आहे. शेशबस्सर नाही. भांडी मोजून घेणाऱ्याला माणसांच्या मोजणीत कोणी धरलं नाही.

पुढे एज्रा स्वतः असाच काफिला घेऊन निघाला तेव्हाचा तपशील पाहा. त्यानं सोनंरुपं बारा याजकांना तोलून दिलं, राजाकडे पहारा मागायची लाज वाटली म्हणून उपास करून वाटेला लागला, चार महिन्यांनी यरुशलेमला पोचल्यावर चौथ्या दिवशी ते सगळं पुन्हा तोललं आणि वजन लिहून ठेवलं. निघतानाची पावती, पोचल्याची पावती. शेशबस्सरच्या बाबतीत निघतानाचीच आहे. वाट कशी गेली, कोण आजारी पडलं, रात्री त्या गाठोड्यांपाशी कोण जागलं, काही नाही. एक वाक्य: बंदिवान बाबेलहून यरुशलेमला आणले गेले तेव्हा शेशबस्सरनं हे सर्व आणलं.

पोचल्यावर पाया घातला गेला. कोणी घातला? तिसऱ्या अध्यायात जरुब्बाबेल आणि येशूवा पुढे आहेत. पाया पडताच लोकांनी जयघोष केला आणि जुनं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडले. रडणं कुठलं, ओरडणं कुठलं, कळेना. जखऱ्या संदेष्टाही सांगतो की जरुब्बाबेलच्या हातांनी पाया घातला. पाचव्या अध्यायात मात्र वडीलधारे म्हणतात, शेशबस्सरनं घातला. योसेफस या इतिहासकारानं दोघांना एकच करून गुंता सोडवला. कोणी म्हणतं, पहिल्यानं आरंभ केला, काम रखडलं, दुसऱ्यानं नव्यानं हात घातला. हे मला पटतं, कारण बांधकामं अशीच होतात.

जरुब्बाबेलचं नशीब बघण्यासारखं आहे. तो दाविदाच्या वंशातला, याची बायबलला खात्री. इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्ट्यानं त्याला देवाच्या बोटातली मुद्रा म्हटलं. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. आणि मग तो नाहीसा होतो. इ.स.पू. ५१५ मध्ये अदार महिन्याच्या तिसऱ्या दिवशी मंदिर पुरं झालं, त्या वर्णनात यहूद्यांचे वडील आहेत, हाग्गय-जखऱ्या आहेत. जरुब्बाबेलचं नाव नाही. ज्याच्यावर आशा लादल्या तोही पुसला गेला. शेशबस्सरबद्दल कोणी भाकीत केलं नव्हतं. त्याच्याकडून मागितलं होतं ते एवढंच, की घेतलंस तेवढं पोचव.

माणसं विध्वंस मात्र विसरत नाहीत. मंदिर जळालं त्या पाचव्या महिन्यात लोक उपास करत. नवं मंदिर उभं राहत असतानाही काहींनी जखऱ्याकडे येऊन विचारलं, आता तरी हे रडणं थांबवावं का? ते थांबलं नाही. आपल्या कोकणात, किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांची आडनावं लावणाऱ्या बेने इस्रायली यहूद्यांच्या घरांतही अव महिन्याच्या नवमीचा हा दिवस पाळला जाई. त्याला त्यांनी नाव दिलं बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी मोड आलेल्या वालांचं बिरडं होई. यरुशलेमच्या आगीची आठवण अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला सोललेल्या वालांत राहिली. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक जण इस्रायलला गेले, मराठी बरोबर घेऊन. जळल्याच्या दिवसाला सण आहे, पंचांगात जागा आहे. भांडी परत आणली त्या दिवसाला ना उपास, ना बिरडं.

मग त्याचं नाव उरलं तरी कसं?

त्याची गोष्ट तो हयात नसावा अशा वेळी घडते. काम रखडून पुन्हा सुरू झालं होतं. नदीपलीकडच्या प्रांताचा अधिपती ततनई चौकशीला आला. हा ततनई पुस्तकातला नुसता कागदी माणूस नव्हे, इ.स.पू. ५०२ च्या मातीच्या एका बाबेली पाटीवर त्याचं नाव त्याच्या हुद्द्यासकट आहे. त्यानं दोन प्रश्न विचारले: हे घर बांधायची परवानगी तुम्हाला कोणी दिली? आणि तुमच्या म्होरक्यांची नावं काय? नावं लिहून राजाला कळवायची होती.

तो काळ वाईट होता. दारयावेश नुकता पारसाच्या गादीवर आला होता आणि साम्राज्यभर बंडं उठून मोडली गेली होती. बाबेलच दोनदा उठलं होतं. अशा वेळी राजवंशातल्या हयात पुढाऱ्याचं नाव सरकारी कागदावर चढवणं म्हणजे त्याची मान पुढे करणं. ततनईनं दारयावेशाला धाडलेलं पत्र एज्राच्या पुस्तकात आहे. त्यात वडीलधाऱ्यांची जबानी येते: आमच्या बापांनी देवाला राग आणला, नबुखद्नेस्सरानं घर पाडलं, कोरेशानं हुकूम दिला, आणि शेशबस्सर नावाच्या एकाला अधिपती नेमून भांडी त्याच्या हवाली केली. मग तो शेशबस्सर आला आणि त्यानं या घराचा पाया घातला. म्होरक्यांची नावं विचारली होती, आणि त्या सबंध पत्रात यहूद्यांच्या बाजूचं एकच नाव आहे, ते शेशबस्सरचं. जरुब्बाबेल तिथेच कुठेतरी गवंड्यांत उभा असेल; त्याचं नाव पत्रात नाही.

त्यांनी मुद्दाम असं केलं का, हे ग्रंथ सांगत नाही; हा माझा तर्क. पण परवानगीच्या प्रश्नाला कोरेशाचं नाव पुरलं असतं. वर पाया कोणी घातला हे सांगायची गरज नव्हती. त्यांनी ते सांगितलं, आणि श्रेय समोर असलेल्याला न देता गेलेल्याला दिलं. हयातांना वाचवण्यासाठी गेलेल्याचं नाव पुढे केलं असेल. कृतज्ञतेनंही केलं असेल. एकाच वाक्यात दोन्ही मावतं. संकटाच्या वेळी घरातलं जुनं माणूस आठवतं, तेव्हा त्या आठवणीत स्वार्थ किती आणि माया किती, याची फोड कोणाला करता आलीय?

दारयावेशानं दप्तरं तपासायला लावली. शोध बाबेलच्या दप्तरखान्यात सुरू झाला आणि लेख सापडला मेदी लोकांच्या मुलखातल्या अखमथा शहरात, म्हणजे आजच्या इराणमधल्या हमादानला. तो लेख एज्रानं दिला आहे. कोरेशाचं पहिलं वर्ष, घराची उंची साठ हात, रुंदी साठ हात, खर्च राजाच्या तिजोरीतून, सोन्यारुप्याची भांडी परत नेऊन जागच्या जागी ठेवावीत. सगळं आहे. शेशबस्सरचं नाव नाही.

म्हणजे राजाच्या दप्तरात तो नव्हताच. ज्या कागदानं मंदिराचं काम वाचवलं, त्या कागदाला भांडी ठाऊक होती, खर्च ठाऊक होता, हातांची मापं ठाऊक होती. माणूस ठाऊक नव्हता. तो राहिला तो ज्यांना त्यानं आणलं त्यांच्या तोंडी, आणि एका परक्या अधिकाऱ्यानं ती जबानी गाळली नाही म्हणून आपल्यापर्यंत आला. कोरेशानं आपली कीर्ती भाजलेल्या मातीवर स्वतःच लिहून घेतली; ती दोन-अडीच हजार वर्षांनी खणून काढावी लागली. शेशबस्सरनं काहीच लिहून घेतलं नाही. अडचणीच्या घटकेला लोकांनी आपणहून त्याचं नाव घेतलं, आणि आमच्यासाठी त्यानं काय केलं ते पदरचं थोडं घालूनच सांगितलं. दप्तरात नाव असणाऱ्यांची यादी लांब आहे. असं नाव घेतलं जाणारी माणसं थोडी, आणि त्यांतल्या एकाला चार वाक्यं पुरली, याचं मला आता नवल वाटत नाही.